तिची बाजू सापडेपर्यंत

मी, खाली सही करणारा, काचकारखान्यातला निवृत्त भट्टी-कामगार, कामगार संघटनेचा वक्ता, चारचौघांत ‘भोंगा’ या नावाने ठाऊक असलेला माणूस, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, गळा नाही. कायद्याला डोक्याशी मतलब असतो, म्हणून डोक्याचे आधी सांगितले. मी हे कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही, असे वाक्य घालावेच लागते, असे वकीलबाई म्हणाल्या. घालतो, पण खुलाशासह. कारखान्याच्या मालकाने मला दडपून पाहिले, पोलिसांनी पाहिले, आमच्याच संघटनेच्या सचिवाने भर सभेत माइक बंद करून पाहिले. त्यांच्यापैकी कोणाचे काही चालले नाही. बायकोचे चालते. लग्नापासून चालत आले आहे आणि तिचे वजन या कागदाच्या प्रत्येक ओळीवर आहे. न्यायालयाने त्याला दडपण समजू नये. तो माझा संसार आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. भाषणात मात्र ‘माझ्यामागे’ हा शब्द मी पुष्कळ वापरला. त्यावर टाळ्या हमखास पडत. तेव्हा मरण हे बोलण्यातले एक भूषण होते. आता ते माझ्या गळ्यात गाठ होऊन बसले आहे. मोठ्या इस्पितळातले सर्जन म्हणतात, स्वरयंत्र काढले तर मी जगेन, बहुधा बरीच वर्षे. नाही काढले तर पुढचा उन्हाळा दिसणे कठीण. काढले की आवाज गेला, पुन्हा येणार नाही. सोमवारी सकाळी त्यांना उत्तर हवे आहे. मी ‘नाही’ म्हणायचे ठरवले आहे. बायको म्हणते, ‘हो’ म्हण. या दोन शब्दांच्या मध्ये बसून मी हे लिहितो आहे. वाचणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, म्हणजे पुढे कुठे अक्षर तिरके झाले तर कारण शोधत बसावे लागणार नाही.

कलम पहिले. घर.

मी राहतो ते दुमजली घर माझे स्वकष्टार्जित आहे. वाडवडिलांकडून मला उंची सोडून काही मिळाले नाही, आणि तीही बेताचीच. घराचा वरचा मजला, खालचे बिऱ्हाड, जिना आणि गच्ची, हे सर्व माझ्यामागे माझ्या बायकोचे, संपूर्ण मालकीहक्काने.

वकीलबाईंच्या पहिल्या मसुद्यात होते, ‘पत्नीस हयातीपर्यंत राहण्याचा हक्क, तिच्या पश्चात मुलांस.’ अशीच पद्धत आहे, त्या म्हणाल्या. मी मसुदा परत केला. परवानगी परक्याला देतात. ज्या बाईने या घराची वीट न् वीट हातात घेऊन पाहिली, तिला त्यात राहायची परवानगी देणारा मी कोण? आयुष्यभर मी फाटकावर ओरडलो की जो राबतो त्याची मालकी. आणि स्वतःच्या घरात राबणारीला भाडेकरू करून जाऊ? तिने हे घर विकावे, गहाण टाकावे, दान करावे, वाटल्यास दुसरे लग्न करून यात नांदावे. हे शेवटचे मी तिला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, एकाने आयुष्यभर एवढं बोलून घेतलं, आता दुसरा कशाला.

ती कोण, हे इथेच सांगतो, कारण पुढची सगळी कलमे तिच्याकडे तोंड करून बसली आहेत. ती त्याच कारखान्यात तपासणी खात्यात होती. थंड झालेली बाटली दिव्यासमोर धरायची, नखाने टिचकी मारायची, कानाने आणि डोळ्याने एकदम पारखायची. काचेत बुडबुडा दिसला की बाटली फोडायच्या पेटीत. माझ्या भाषणांचेही तिने हेच केले. सभेच्या आदल्या दिवशी मी तिला भाषण ऐकवायचो आणि ती भाजी निवडता निवडता सांगायची, इथे बुडबुडा आहे, इथे नुसती फुंकर आहे.

आमच्या संघटनेत एक रीत होती. संपाच्या मतदानाआधी मालकाची बाजू आपल्यातल्याच एकाने मांडायची, आणि ती अशी की दाराआडून मालकाने ऐकली तर त्याने मान डोलवावी. तोवर मत घ्यायचे नाही. ज्याच्याशी लढायचे त्याचे म्हणणे आधी आपल्या तोंडात घोळवून पाहावे, असा हेतू. एका वर्षी या कामाला कोणी उभे राहीना. तपासणी खात्यातली एक मुलगी उठली आणि मालकाच्या वतीने असे बोलली की निम्मी सभा संपाच्या विरोधात गेली. माझे भाषण तिच्यानंतर होते. माझा घसा त्या दिवशी पहिल्यांदा कोरडा पडला. संप जेमतेम मंजूर झाला, आणि त्याच आठवड्यात मी तिला लग्नाचे विचारले. लोकांना वाटले मी तिचे तोंड बंद करायला लग्न करतो आहे. मला तर ते तोंड घरात हवे होते.

ती रीत आम्ही संसारात आणली. पुढच्या खोलीत टेबलापाशी दोन खुर्च्या आहेत. भिंतीकडची माझी, खिडकीकडची तिची, कारण तिला उजेडाकडे तोंड लागते. भांडण अडले की आम्ही खुर्च्या बदलतो. मी तिची बाजू मांडायची, तिने माझी. संबोधनेसुद्धा बदलतात. एरवी ती मला चारचौघांत ‘अहो’ आणि घरात ‘अरे’ म्हणते. खुर्ची बदलली की मी तिला ‘अहो’ म्हणतो आणि ती मला ‘अगं’. समोरचा ‘हेच म्हणायचं होतं मला’ असे म्हणेपर्यंत मांडत राहायचे. दोघांनी दोघांचे तसे मांडून झाले, की ज्याच्या जिवाचा किंवा हातापायांचा प्रश्न असेल त्याने निर्णय घ्यायचा, आणि दुसऱ्याने त्यावर पुन्हा तोंड उघडायचे नाही. माझ्या आईला शेवटच्या आजारपणात इथे आणायचे की नाही, तिने खातेप्रमुखाची जागा घ्यायची की नाही, मी उपोषणाला बसायचे की नाही, हे सगळे त्या दोन खुर्च्यांत ठरले. पलंग खिडकीखाली असावा की भिंतीला, हेही तिथेच ठरायचे होते. ते अजून चालू आहे.

आता अडचण अशी की, गाठ निघाल्यापासून ती माझ्या खुर्चीत बसायला तयार नाही. मी म्हटले, माझी बाजू मांड. ती म्हणाली, “तुझ्या मरणाची वकिली मी करणार नाही. दुसरी कोणी शोध.” त्यानंतर घरात भांडण होत नाही, शांतता आहे. ती मला न आवडणारे जेवण मुद्दाम करत नाही, उलटून बोलत नाही, पाण्याचा पेला हातात आणून देते. अशी शांतता मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतो आहे, आणि ती मला गाठीपेक्षा जड जाते.

कलम दुसरे. शिल्लक.

बँकेतली ठेव, निवृत्तीची रक्कम, त्यावर जे काही येत असेल ते, सर्व तिचे. त्यावर मुलांनी डोळा ठेवू नये. दोघेही कमावतात आणि दोघांनाही मी मागण्यांची यादी करायला शिकवलेले आहे. ती कला त्यांनी मालकांवर वापरावी.

कलम तिसरे. मुलगा आणि सून.

मुलगा बस चालवतो, पहाटेच्या पाळीला. सून इस्पितळात परिचारिका आहे, बहुतेक उलट्या पाळीला. ती आली की तो निघतो. दारात एकाच्या चपला पायात जातात आणि दुसरीच्या निघतात, तेवढीच त्यांची भेट. मी त्यांना अनेकदा ऐकवले की याला संसार म्हणत नाहीत, पाळी बदलणे म्हणतात. जिथे वाद नाही तिथे विचार नाही, आणि जिथे विचार नाही तिथे दोन माणसे एका छपराखाली नुसती ठेवलेली असतात, असे माझे मत होते. ते मी त्यांच्या दारात उभे राहून, त्यांच्या त्या दोन मिनिटांतले एक मिनिट खर्च करून मांडले होते.

मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही दोघं दिवसभर बोलता, तेवढं आम्ही दोन मिनिटांत ऐकतो.” आणि सुनेकडे वळून म्हणाला, “तुझा डावा पाय दुखतोय आज.” तिने काहीच सांगितलेले नव्हते. नुसती चप्पल काढली होती.

गच्चीवर मी स्वतः बनवलेला शिसवी बाक आहे, तो त्यांना. त्यांनी तो दाराच्या आत ठेवावा, म्हणजे चपलांच्या वेळी दोघांना बसता येईल. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुनेने करावी. दुसऱ्याने लिहून ठेवलेले न बदलता पाळण्याची सवय आमच्या घराण्यात फक्त तिला आहे.

कलम चौथे. मुलगी आणि जावई.

जावई व्यवस्थापक आहेत, आणि तेही काचेच्याच धंद्यात. नियतीला विनोदबुद्धी असते. त्यांची मते आणि माझी मते एका पंगतीला बसू शकत नाहीत. मुलगी तिच्या घरात राजकारण बोलू देत नाही. मी कामाच्या तासांवर तोंड उघडले रे उघडले की ती दोघांच्या मधे येऊन विचारते, पाणी कोणाला हवंय. मी कित्येक वर्षे तिच्या घरी तहान नसताना पाणी पितो आहे. नवऱ्याच्या तोंडाला कुलूप लावून टिकवलेला संसार हा संसार नव्हे, असे मी तिला गेल्या महिन्यात बोललो. आजारी माणसाला लोक बोलू देतात, त्याचा फायदा घेतला.

ती चिडली नाही. तिने जे सांगितले ते मी जसेच्या तसे लिहितो, कारण ते माझ्या विरोधात जाते आणि आमच्या रीतीप्रमाणे ते नोंदवले गेले पाहिजे. “बाबा, तुमची रीत तुम्हाला शोभली. पण मी लहान होते. तुम्ही खुर्च्या बदलायचात आणि आई तुमच्यासारखी ओरडायला लागायची, तुम्ही आईसारखे. मला वाटायचं, आई आता बाबा झाली, आणि तेही मला न सांगता. कोणता राग खरा आणि कोणता मांडलेला, ते मला कळायचं नाही. माझ्या घरात मला तेवढं एक कळायला हवंय.”

संसार वादावर उभा राहतो, असे मी हजारो माणसांसमोर सांगितले आहे. तो वाद भिंतीपलीकडे अंथरुणात पडून ऐकणारी पोर त्या हजारांत नव्हती. त्यामुळे मत बदलले असे म्हणत नाही. मताला तडा गेला, असे म्हणतो, आणि तडा गेलेली काच किती दिवस टिकते ते मला ठाऊक आहे.

भिंतीवरचे घड्याळ मुलीला. त्याचे ठोके मी फार पूर्वी बंद केले होते, कारण ते मला मधे तोडायचे. तिला ते तसेच आवडेल. जावयांना माझ्या भाषणांची छापील पुस्तिका. त्यांनी ती वाचली पाहिजे अशी अट नाही. पण घरात ठेवावी.

कलम पाचवे. धाकटा भाऊ आणि त्याची बायको.

घरामागच्या बोळावरून भाऊ आणि मी भांडत आलो आहोत. बोळ एवढा अरुंद की आम्ही दोघे एकदम त्यात शिरू शकत नाही, आणि शिरायची इच्छाही नाही. भाऊ आणि त्याची बायको एकमेकांशी सरळ बोलत नाहीत. लग्नाच्या पहिल्या वर्षीच कशावरून तरी बिनसले आणि तेव्हापासून, “तुझ्या काकूला सांग,” “तुझ्या काकांना विचार,” असे माझ्या मुलांच्या मधून संसार चालला. फक्त एका विषयावर ते दोघे शेजारी उभे राहून, एका सुरात, एकमेकांचे वाक्य पुरे करत बोलतात. तो विषय म्हणजे मी. मी गच्चीवरून ऐकले आहे. तो म्हणतो, “हा माणूस,” आणि ती म्हणते, “जन्मात सुधारायचा नाही.” त्यानंतर दोघे मिळून चहा घेतात.

हे विनोद म्हणून सुरू केले होते, पण लिहिताना मला काळजी वाटू लागली. मी गेल्यावर त्यांनी कोणाबद्दल बोलायचे? म्हणून बोळ मी भावाला देत नाही. देऊन टाकला तर वाद संपेल आणि त्यांचा संसार उघडा पडेल. बोळ माझ्या बायकोच्याच नावे राहील, आणि तिने वर्षातून एकदा तरी त्यात एखादी कुंडी ठेवावी. हे आडमुठेपणाने लिहिलेले नाही. भाऊ मला प्रिय आहे. त्याला ते कोणी सांगू नये.

कलम सहावे. खालचे बिऱ्हाड.

खाली बॉयलरवाला आणि त्याची बायको भाड्याने राहतात. त्या दोघांपैकी एक जण जिवंत असेपर्यंत त्यांना उठवू नये आणि भाडे वाढवू नये. बॉयलरच्या आवाजाने त्याचे कान तरुणपणीच गेले. ती त्याच्याशी हातांनी बोलते, ओठ हलवून बोलते, कधी त्याच्या तळहातावर बोटाने लिहून. त्यांचे भांडण मी जिन्यावरून पाहिले आहे. तिचे हात असे चालतात, जणू भांडी घासते आहे. आणि त्याच्याकडे एक हत्यार आहे, ज्याला जगात उत्तर नाही. तो डोळे मिटतो. मग ती त्याच्यासमोर उभी राहते, दोन्ही अंगठ्यांनी त्याच्या पापण्या वर करते आणि वाक्य पुरे करते. त्यावर दोघे हसतात. मी पाहिलेल्या जोड्यांत सर्वांत जोरात भांडणारी ही जोडी आहे आणि खालून चमचा पडल्याचाही आवाज येत नाही.

बायको मला म्हणाली, बघ, जमतं की नाही. मी म्हटले, त्याने कान घालवले, बोलणे नाही. आणि तो कधी बोलण्यावर जगला नव्हता. माझे तसे नाही. फाटकासमोर बाटल्यांच्या खोक्यावर उभा राहिलो की मी पाच फुटांचा माणूस राहत नव्हतो. आवाज काढून घेतल्यावर खाली काय उरते ते मला पाहायचे नाही, आणि तिला तर मुळीच दाखवायचे नाही. तो खोका संघटनेच्या कार्यालयाला द्यावा. काचेच्या कपाटात ठेवू नये. त्यावर उभे राहावे.

कलम सातवे. पुस्तके आणि शोकसभा.

माझी सर्व पुस्तके कारखान्याच्या वाचनालयाला. ते वाचनालय आम्ही संप करून मिळवले. भट्टीवरच्या माणसाला वाचायला कशाला हवे, असे तेव्हा विचारले गेले होते. पुस्तकांच्या समासांत मी जे लिहिले आहे ते खोडू नये, आणि माझ्या अक्षराच्या खाली बारीक अक्षरात जे आहे तेही खोडू नये. ते बायकोचे आहे आणि बहुतेक ठिकाणी बरोबर आहे.

शोकसभा घ्यायचीच असेल तर एकाने माझ्या विरोधात बोलावे, आणि मी असतो तर मान डोलावली असती असे बोलावे. संघटनेचा सचिव, ज्याला आम्ही ‘कात्री’ म्हणतो, त्याला हे जड जाणार नाही. माइक त्यानेच बंद केला होता. त्याचे कारण त्याने आजवर दिलेले नाही. ते त्याने त्या सभेत द्यावे, आणि या वेळी माइक चालू ठेवावा.

इथपर्यंत मी शुक्रवारी लिहिले आणि मृत्युपत्र पुरे झाले असे समजून कागद टेबलावर ठेवला. शनिवारी जे घडले त्यामुळे आणखी एक कलम घालावे लागते.

शनिवारी दुपारी बायको आत पेले पुसत होती. ती हात कोरडे करत बाहेर आली आणि माझ्या खुर्चीत बसली. कागद तिने वाचला होता हे उघड होते. मी उभाच राहिलो.

“अगं, बस,” ती म्हणाली. “आणि मधे बोलू नकोस, माझा गळा दुखतो.”

मी खिडकीकडच्या खुर्चीत बसलो. उन्हाने डोळे दिपले. माझी बाजू ती कशी मांडणार याची मला कल्पना होती: माणसाची प्रतिष्ठा, आयुष्यभराचे काम, ताठ मानेने जाणे. ही सगळी वाक्ये मी तयार करून ठेवली होती, तिला हवी असती तर उसनी दिली असती. तिने त्यातले एकही घेतले नाही.

“मला मरायची हौस नाही,” ती म्हणाली. “मला भीती वेगळीच आहे. मी मुका झालो की तू माझ्याशी भांडायचं सोडशील. कंबरेवर हात ठेवून उभी राहशील, मग माझ्याकडे बघशील आणि गप्प बसशील. औषध देशील, उशी नीट करशील. मी काहीही खरडलं तरी ‘बरं’ म्हणशील. त्या ‘बरं’पेक्षा मला मेलेलं परवडेल.”

मी हे कोणाला बोललो नव्हतो, स्वतःलाही नाही. रीतीप्रमाणे मला उत्तर द्यावे लागले. म्हटले, “हेच म्हणायचं होतं मला.”

मग माझी पाळी. मी तिच्या खुर्चीत होतोच. आधी मुलांबद्दल बोललो, नातवंडांबद्दल, औषधे किती पुढे गेली आहेत त्याबद्दल. माझ्या मते उत्तम मांडणी होती. ती म्हणाली, नाही. मग मी एकटेपणावर आलो. अहो, सकाळचा चहा मी कोणासमोर घेऊ, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून घेऊ का? ती म्हणाली, हे कुठलीही बायको म्हणेल. आवाज फाटू लागला होता. मी म्हटले, “अहो, मला राग आलाय तुमचा. जन्मभर तुमचं ऐकलं. आता तुम्ही ऐकायची पाळी आली, तर तुम्ही निघालात.”

ती खुर्चीत पुढे सरकली. मला वाटले, पोचलो. तिने मान तिरकी केली, बाटली दिव्याला धरल्यासारखे माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाली, “जवळ आलास. पण बुडबुडा आहे.”

पुढचे वाक्य माझ्या तोंडून निघाले ते नुसती हवा होती. आवाज संपला होता. तिने पाणी आणून दिले.

कलम आठवे. गळा.

आमच्या रीतीप्रमाणे मला अजून निर्णय घेता येत नाही. माझी बाजू तिने मांडली. तिची मी मांडू शकलेलो नाही. मी, ज्याने मालकाची, पोलिसांची, न्यायाधीशांची बाजू त्यांच्याहून चांगली मांडून मग ती मोडली, त्याला इतक्या वर्षांच्या संसारानंतर समोर बसलेल्या बाईचे म्हणणे सापडत नाही.

मला एक शंका आहे आणि ती मी या कायदेशीर कागदात नोंदवतो. मी बरोबर बोललो असेन आणि मला जगवण्यासाठी ती मुद्दाम ‘नाही’ म्हणाली असेल. असे असेल तर आमच्या संसारातले ते पहिले खोटे आहे, आणि ज्यावर हे सगळे उभे होते तेच तिने माझ्यासाठी फोडले. दुसरी शक्यता अशी की तिने फेकलेल्या बाटलीत खरोखरच बुडबुडा होता, आणि मी तिला ओळखतच नाही. या दोहोंपैकी कोणती जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही. विचारायची सोय नाही; विचारले तर ती हसेल आणि दोन्ही खरे वाटेल.

आवाज गेल्यावर मी तिची बाजू मांडणार कशी, असे मी तिला पाटीवर लिहून विचारले. ती म्हणाली, “लिहून मांड. हात काढायला सांगितलेलं नाही डॉक्टरांनी.” मी लिहिले, लिहिण्यात चढउतार नसतो. ती म्हणाली, बरं झालं, वाचताना मला मधे थांबता येईल. आणि ‘बरं’ हा शब्द तोंडातून गेला हे दोघांच्याही एकदम लक्षात आले. त्यावर कोणी हसले नाही.

सोमवारी मी डॉक्टरांना होकार देणार आहे. तो आनंदाने दिलेला नाही आणि धैर्याने तर नाहीच. मला भीती वाटते. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येऊन तोंड उघडेन आणि काही निघणार नाही, त्या पहिल्या क्षणाची वाटते. पण अर्धी राहिलेली मांडणी टाकून सभा सोडणारा वक्ता मी कधी नव्हतो. तिची बाजू मला सापडेपर्यंत मी जगणे भाग आहे. सापडली, तिने तसे म्हटले, की मग पुढचे आम्ही पाहू.

शस्त्रक्रियेच्या टेबलावरच माझा शेवट झाला, तर मुलांनी तिला दोष देऊ नये, आणि मी तिच्यासाठी जीव दिला असले काही बोलू नये. वाद अनिर्णित आहे. तिचे म्हणणे काय होते ते तिने कोणाला सांगावे की नाही, हा हक्क मी इतर मालमत्तेप्रमाणेच निर्वेधपणे तिच्याकडे सोपवतो.

ठिकाण: राहते घर, वरच्या मजल्यावरची पुढची खोली.
दिनांक: उत्तर द्यायच्या आदला दिवस, रविवार.

सही
(भोंगा)

गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंचे प्रमाणपत्र: मी यांना आज तपासले. मन आणि स्मरणशक्ती उत्तम. बोलण्यास मनाई केली होती. ती पाळलेली दिसत नाही.

साक्षीदारांचे निवेदन, संघटनेच्या सचिवाच्या हस्ताक्षरात: मृत्युपत्र करणाऱ्यांनी हा कागद आम्हा दोघांसमक्ष स्वतः वाचायला घेतला. भावाच्या कलमापर्यंत ते वाचू शकले. तिथे त्यांना हसू आले आणि आवाज पूर्ण बसला. पुढचे त्यांच्या पत्नीने शेजारी उभे राहून मोठ्याने वाचले. वाचताना त्या दोन ठिकाणी थांबल्या आणि “हे मला मान्य नाही” असे म्हणाल्या. मृत्युपत्रात अशी नोंद घेता येत नाही, असे मी सांगितले. त्यावर मृत्युपत्र करणाऱ्यांनी टेबलावर हात आपटला, माझ्या हातातल्या पेनाकडे बोट दाखवले आणि लिहा अशी खूण केली. पत्नी म्हणाल्या, “कुठल्या दोन ठिकाणी, तेही लिहा म्हणतोय तो.” मृत्युपत्र करणाऱ्यांनी जोरात मान हलवून नकार दिला. पत्नी म्हणाल्या, “मग नीट सांग की.” ते बराच वेळ हातांनी सांगत राहिले आणि त्या मधे मधे तोडत राहिल्या. आम्ही दोघे साक्षीदार थांबून राहिलो. नंतर त्यांनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर.

साक्षीदार
१. सही (संघटनेचा सचिव, कात्री)
२. सही (गल्लीतल्या डॉक्टरीणबाई)